डोंगर वर येतोय, अक्का

अक्का, आधी मुद्द्याचं सांगतो, बाकीचं मागनं. तू बरोबर होतीस. सह्याद्री वर येतोय. खचत नाही, बसत नाही, वर येतोय. इतका सावकाश, की त्यावर उभं राहून अख्खी हयात काढली तरी टाचेला कळणार नाही, पण येतोय. हे मला आज दुपारी शिरोलीत कळलं, माझ्याच लोखंड ओतायच्या कारखान्यात, माझ्याच चुकीमुळं, आणि तेव्हापासून मी एका जागी बसलेलो नाही. कारखान्यातली माणसं आपापसात कुजबुजायला लागली, मालकानं बहिणीचं लईच लावून घेतलंय म्हणून. घेतलंयच. पण मी ओरडत होतो ते त्यामुळं नव्हे.

लिहितोय तेही तुझ्या धाकात. माझ्या हातचा कुठलाही कागद तू लाल पेनाशिवाय वाचला नाहीस. माझ्या लग्नाची पत्रिका छापायला गेली तीसुद्धा तुझ्या खुणा घेऊन. म्हणून 'हाय'चं 'आहे' करत चाललोय. मध्येच तोल गेला तर चालवून घे, आज मी लई खुशीत हाय.

परवा शाळेत तुझी शोकसभा झाली. एकेक जण उठून बोलला. बाई शांत होत्या, मनमिळाऊ होत्या, कधी कुणाला दुखवलं नाही. मी दाजींकडं बघितलं, दाजींनी माझ्याकडं. शांत? नेसरीच्या आपल्या घरात तू बोलायला लागलीस की पलीकडच्या गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायची. मला उभं राहून सांगायचं होतं की नववीला भूगोल शिकवणारी तुमची ही बाई पक्की भांडखोर होती, आणि तिचं सगळ्यात मोठं भांडण माझ्याशी होतं. उभा राहिलोही. आणि तसाच खाली बसलो. लोकांना ते बरं वाटलं असावं, कारण एकदोघांनी येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेव्हा जे तिथं सांगता आलं नाही ते आता सांगतो. भांडण सुरू झालं आंबा घाटात. दाजींनी नवी गाडी घेतली होती आणि ती घाटात कशी चढते हे त्यांना बघायचं होतं. शाहूवाडीत भाताच्या कापण्या उरकलेल्या, सगळीकडं पेंढ्याचा वास. वर पोचल्यावर आपण कड्याच्या कठड्यापाशी उभे राहिलो. खाली कोकण, इतकं खाली की झाडं गवतासारखी दिसत होती. दाजी भाजलेली कणसं आणायला गेले आणि तू म्हणालीस, "सद्या, आपण उभे आहोत ना, हे सगळं वर आलंय."

मी म्हटलं, "काय सांगतीस. आपण हाय तिथंच हाय. कोकण खाली गेलंय. दिसतंय की समोर."

"दिसण्यावर जाऊ नको. दिसायला तर सूर्यही फिरतो."

दाजी कणसं घेऊन परत आले तेव्हा आपण दोघं कठड्यावर हात आपटून बोलत होतो आणि पुण्याकडचं एक जोडपं आपल्यापासून लांब सरकून उभं होतं. कणसं गार झाली. दाजींनी स्वतःच्या वाट्याचं खाल्लं, मग आपल्या दोघांचीही खाल्ली, आणि गाडीत जाऊन झोपले.

तुझं म्हणणं काय होतं, ते आज मी तुझ्यापेक्षा चांगलं सांगू शकतो. पाऊस, नद्या, ओढे यांनी ह्या घाटाच्या बाजूनं बेसुमार खडक कापून नेला. नेऊन समुद्रात टाकला. तेवढं ओझं जमिनीच्या डोक्यावरनं उतरलं. ओझं उतरलं की जमीन वर येते. वर येते म्हणून पाऊस तिला आणखी कापतो, कापतो म्हणून ती आणखी वर येते. डोंगर झिजतोय तरी तो उंचच का, तर म्हणून.

"जमीन काय हमाल हाय व्हय, ओझं उतरलं की ताठ व्हायला?" मी म्हटलं होतं. "आन् खालनं ढकलतंय कोण तिला?"

"खालचा खडकच. आत तो तापलेला आहे. पातळ नाही, घट्टच आहे, पण लाखो वर्षांत सरकतो. जिथलं ओझं कमी होतं तिकडं सावकाश येतो आणि वरच्याला उचलतो."

"घट्ट म्हणतीस आन् सरकतो म्हणतीस. एक काय ते ठरीव."

पुढच्या रविवारी तू आमच्या दारात हजर. बगलेत गुळाची ढेप. आत न येता म्हणालीस, "हातोडी आण." आणली. "मार." मारली. टवका उडाला. "घट्ट आहे का?" घट्ट होती. "मग आता ही उरलेली मागच्या पडवीत फळीवर ठेव आणि पावसाळा जाऊ दे." पावसाळा गेला. ढेप पाघळून फळीच्या कडेवरनं खाली ओघळली, आणि घरभर मुंग्या. बायको मुंग्यांना सोडून तुलाच बोलली. मी म्हटलं, गूळ पाघळला म्हणून सह्याद्री तरंगतो असं होत नाही. तू म्हणालीस, निदान फळीपर्यंत आलास, डोंगरापर्यंतही येशील.

वर्गात ह्या सगळ्याला मोठा शब्द आहे, खंडनिर्माणकारी हालचाली. खंड म्हणजे भूखंड, हे तुला वाटायचं सगळ्यांना कळतं. गडहिंग्लजकडच्या कुणा शेतकऱ्याच्या मुलीनं चाचणीत लिहिलं होतं, 'आपली जमीन दुसऱ्याला खंडाने कसायला देणे म्हणजे खंडनिर्माणकारी हालचाल होय. ही हालचाल अतिशय मंद असते, कारण जमीन परत मिळायला फार वर्षे लागतात.' तू तो पेपर शाळेतनं सरळ माझ्या कारखान्यात घेऊन आलीस, हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी. उत्तर चुकलं होतं पण 'मंद' बरोबर होतं, म्हणून अर्धा गुण दिलास. वर म्हणालीस, ह्या पोरीला विषय तुझ्यापेक्षा जास्त कळलाय.

माझ्याकडंही हत्यार होतं. लोखंडाचा रस साच्यात ओतला की गार होताना आकसतो. आकसून ओतलेल्या मालात पोकळी पडू नये म्हणून शेजारी रसाचा एक खांब ठेवतात, तो आपल्यातला रस मालाला देत राहतो. त्याला म्हणायचं राईजर. नाव राईजर आणि गार होताना बसतो खाली, डोक्याला चांगला खड्डा पडतो. कारखान्याच्या दारात मी तुला म्हटलं, "तुझा सह्याद्री लाव्हाचाच की. तापलेलं गार झालं की बसणार. आमच्यात ज्याचं नावच वर येणारा, तोबी खाली बसतोय. जगात कायबी वर येत न्हाय, अक्का." तू तोंडाला पदर लावून आत आलीस, कापून टाकलेल्या राईजरांच्या ढिगातला एक उचललास, त्याच्या खड्ड्यात बोट फिरवलंस आणि पर्समध्ये टाकलास. पर्सचा बंद तुटला.

मला वाटलं, जिंकलो. कसलं काय. त्या वर्षीपासून दर वर्षी तू तो राईजर नववीच्या वर्गात टेबलावर ठेवायचीस आणि म्हणायचीस, "हा माझ्या भावाचा पुरावा. तो कुठं चुकतोय ते सांगा." दर वर्षीची नववी मला खोडून काढत बसायची. कोल्हापुरात मी कुठंही जावं, बँकेत, लग्नात, तर कुणीतरी धडधाकट माणूस येऊन विचारणार, तुम्ही बाईंचे राईजरमामा का. परवाच्या सभेलाही ते सगळे आले होते. मी खाली बसल्यावर पाठीवर हात ठेवणारे त्यांच्यातलेच.

तरी एक कबूल करतो. तुझ्यामुळं मला दगडाकडं बघता आलं. आधी मी दगड म्हणजे गाडी घसरू नये म्हणून चाकामागं लावायची वस्तू समजत होतो. रत्नागिरी रस्त्याचं रुंदीकरण सुरू झालं, तेव्हा सगळा गाव धुळीच्या नावानं शिमगा करत होता आणि तू एकटी खूश. "फुकट डोंगर कापून दाखवतायत, चल बघायला." काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये एक लाल पट्टा दिसला, वीतभर जाडीचा. तू त्याला गालावरनं फिरवावा तसा हात लावलास. एक लाव्हा येऊन थंड झाला, मग पुढचा यायच्या आत मध्ये इतका वेळ गेला की वर माती तयार झाली, असं म्हणालीस. मी त्या लाल मातीकडं बघत राहिलो. नंतर कधीही त्या रस्त्यानं गेलो की गाडी आपोआप हळू होते, मागचे हॉर्न मारतात.

मग दवाखाना. ते लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय आजचं सांगता येत नाही.

तू दिवसेंदिवस वाळत गेलीस. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एकदा मी उशाशी बसलो होतो तर डोळे न उघडता म्हणालीस, "सद्या, ओझं उतरलं बघ माझं. आता मी वर जाणार."

"अक्का, गप."

"चिडतोस काय. डोंगर वर येतो, माणूस वर जातो. क्रियापद बघ नीट. तुझं मराठी पहिल्यापासून कच्चं."

असल्या वेळीही तुला व्याकरण सुचत होतं. मला हसू आलं आणि त्याच वेळी तुझ्या खाटेचा गज उपटून कुणाच्या तरी डोक्यात घालावा असं वाटलं. मग तू डोळे उघडलेस आणि माझ्याकडं सरळ बघत म्हणालीस, "एकदा म्हण की. वर येतंय म्हण. हरलो म्हण."

मी म्हटलं, "न्हाय म्हणत."

"हट्टी आहेस."

"तुझाच भाऊ हाय."

तू हसलीस, हसताना ठसका लागला, नर्स आली आणि मला बाहेर काढलं. अक्का, मी का म्हटलं नाही, सांगू? एक तर मला पटलेलं नव्हतं. दया म्हणून दिलेला विजय तू माझ्या तोंडावर फेकून मारला असतास, तेवढी ताकद तुझ्यात शेवटपर्यंत होती. आणि दुसरं म्हणजे त्या खोलीत 'वर' ह्या शब्दाला एकच अर्थ उरला होता. हो, वर, असं मी म्हणायचं आणि तू तेवढ्याचीच वाट बघत असलीस तर? म्हणून नाही म्हटलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, खोटं बोललो असतो तर वाटलं असतं. पण तुला द्यायला खरं 'हो' माझ्याजवळ नव्हतं, आणि तू ते मागितलं होतंस. हे मात्र तू गेल्यापासून डोक्यातनं जात नव्हतं. भेटायला येणारी माणसं म्हणायची, सुटली बिचारी. मला राग यायचा. सुटली कसली, तिचं माझ्याकडं मागणं राहिलंय, असं ओरडून सांगावंसं वाटायचं.

दिवसकार्य झालं आणि आज पहिल्यांदा कारखान्यात गेलो. पंपाच्या मोठ्या मालाचं ओतकाम होतं. तुला ठाऊक आहे, आमच्या मातीच्या साच्याला दोन पेट्या असतात, खालची आणि वरची. त्या एकावर एक बसवायच्या, आत पोकळी, त्यात रस ओतायचा. आणि ओतायच्या आधी वरच्या पेटीवर लोखंडाची जाडजूड वजनं ठेवायची. नव्यानं कामाला लागलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. मोठ्या पेटीची वजनं मी स्वतः बघतो, मग हात वर करतो, मग आमचा साचे भरणारा महादू मोल्डर रस ओततो. वर्षानुवर्षांची रीत आहे. महादूची नजर रसाच्या लांब दांड्याच्या पळीवर, लेडलवर असते, त्याला बाकी काही बघायचं नसतं, माझा हात वर गेला की झालं.

आज मी तुझ्या त्या क्रियापदाचा विचार करत होतो. वजनं कडेला तशीच पडलेली. आणि मी हात वर केला.

महादूनं ओतलं. वरची पेटी उचलली गेली.

बोटभर, अक्का. ती एवढी मोठी पेटी, जी दोघांना हलत नाही, ती कुणी हात न लावता वर आली, अगदी अल्लाद, आणि त्या फटीतनं लालभडक रस चारी बाजूंनी बाहेर पडला. माणसं मागं पळाली. महादूनं लेडल आवरली, दोघांनी फावड्यानं माती टाकली. कुणाला काही झालं नाही, माल तेवढा गेला. आणि मी तिथंच उभा, त्या फटीकडं बघत.

खालनं रसानं ढकललं, वर ओझं नव्हतं, म्हणून वर आली. जन्मभर मी पेट्यांवर वजनं ठेवत आलो ते कशासाठी? त्या वर येऊ नयेत म्हणून. रोज, दर ओतकामाला. आणि सुट्टीच्या दिवशी घाटात उभा राहून तुला शिकवत होतो की जगात काही वर येत नाही. तुला राईजर दाखवला, पेटी दाखवली नाही. दोन्ही एकाच ठिकाणी, हातभर अंतरावर होती. तू त्या दिवशी पदर तोंडाला लावून थोडी आणखी थांबली असतीस आणि विचारलं असतंस, ही वजनं कशाला रे, तर तिथंच माझा निकाल लागला असता.

मी ओरडलो, "अक्का जिंकली."

महादू धावत आला. "मालक, भाजलं काय कुटं?"

"न्हाय रं. डोंगर वर येतोय."

"येऊ दे की. तुमी आदी लांब सरका."

आता तू काय म्हणशील तेही मला माहीत आहे. सद्या, तुझं लोखंड पातळ, माझा खडक घट्ट, तुझा खेळ दोन मिनिटांचा, माझा लाखो वर्षांचा, उदाहरण कच्चं आहे. गुण काप. अर्धा दे. पण मला पुस्तकातनं नव्हे, माझ्याच साच्यातनं कळलं. गूळ पाघळतो हे मी मानलं होतं, ओझं उतरतं हेही मानलं होतं, पण वर येतं हे डोळ्यांनी बघितलं नव्हतं. आज बघितलं. इतकं गुपचूप येतं ते, अक्का. धक्का नाही, आवाज नाही. आधी वाटतं काहीच झालं नाही, मग फट दिसते.

कारखान्यातनं निघालो तो पंचगंगेच्या पुलावर गाडी थांबवली. लांब पन्हाळा, त्याच्या अलीकडं जोतिबाचा डोंगर, दोन्ही ढगात अर्धे. खाली नदी गढूळ, चहूकडची माती घेऊन पूर्वेला चाललेली. समुद्र पश्चिमेला हाकेच्या अंतरावर असून ही बया उलटी का जाते, हा तुझा लाडका प्रश्न. मी त्या गढूळ पाण्याकडं बघितलं आणि अंगावर सरसरून काटा आला. ही माती म्हणजे ओझंच की. आत्ता, माझ्यासमोर उतरतंय. म्हणजे आत्ताच, मी बघत असताना, तिकडं तो वर येतोय. हे काही पूर्वी घडून गेलेलं नाही, चालू आहे. तू हे कितीदा सांगितलं होतंस आणि मी दर वेळी, व्हय व्हय, जेवायला चल, म्हणालो होतो.

मागनं ट्रकवाला ओरडला, "ओ पावणं, पुलावर काय थांबलायसा? फोटो काडायचा आसंल तर घाटावर जावा." मी त्याला हात केला. त्यालाही सांगणार होतो, पण तो गेला.

मग सरळ तुझ्या घरी. कपड्यांवर काळी माती, केसात माती, तसाच. दाजी बाहेरच्या खोलीत पेपर मांडीवर घेऊन बसले होते, वाचत नव्हते. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "दाजी, मी हरलो."

"कशात?"

"डोंगरात."

दाजींना सगळं सांगितलं. पेटी, वजनं, महादू, पूल. मी हातवारे करत होतो आणि दाजी ऐकत होते, त्या घाटातल्या दिवशी ऐकलं असतं तर दोन कणसं वाचली असती. सगळं सांगून झाल्यावर मी खुर्चीत बसलो आणि माझ्या लक्षात आलं की अजून काहीतरी व्हायचं राहिलंय. मी वाट बघत होतो. तुझ्या बोलण्याची.

"दाजी," मी विचारलं, "आता अक्का काय म्हणाली असती? मी तिच्यापुढं कधी हरलोच न्हाय. जिंकल्यावर ती काय करती, मला ठाऊकच न्हाय."

दाजींनी पेपरची घडी केली. "मला ठाऊक हाय. मी रोज हरायचो."

"काय म्हणायची?"

"कायबी न्हाय. उठायची आन् च्या टाकायची."

मग आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. उठायचं कुणी, तेच कळेना.